'होय', 'नाही' आणि 'अजून नाही'

दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला दिवसातून कितीतरी वेळा एकच प्रश्न ऐकावा लागतो : "शेठ, अमुक वस्तू आहे का?" वस्तू असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल, तर दुकानदाराची परीक्षा सुरू होते. कोणी "उद्या माल येतोय" असे सांगून गिऱ्हाइकाला थोपवून धरतो आणि तो उद्या कधीच उगवत नाही. कोणी मान वर न करता "नाही" म्हणतो. एखादाच असा असतो की जो विचारतो, "कशासाठी पाहिजे होती?" आणि मग कपाटातून वेगळीच वस्तू काढून समोर ठेवतो, किंवा समोरच्या गल्लीतले दुसरे दुकान दाखवतो. अशा दुकानाचे नाव तीन पिढ्या चालते.

हीच परीक्षा एका अगदी निराळ्या व्यवसायाला गेली पस्तीसहून अधिक वर्षे द्यावी लागली आहे. तो व्यवसाय म्हणजे संगीतरचना लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा. आपल्या व्यापारी घरांचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध क्वचितच येत असेल. परंतु मागणी करणारे गिऱ्हाईक, शब्द देणारा विक्रेता आणि दिलेल्या शब्दाचे पुढे चढत जाणारे व्याज, हे तिन्ही तेथे इतक्या स्पष्टपणे दिसतात की कोणत्याही पेढीने तो इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा.

प्रथम हा माल कोणता, ते पाहू. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. सा-रे-ग-म ही अक्षरे, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तक दाखवणारे बिंदू, आणि खाली तालाच्या खुणा. एवढ्या साधनांवर बंदिशीचा सांगाडा कागदावर उभा राहतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र कागदावरील लेखन हा केवळ सांगाडा नसतो. साठ-सत्तर वादकांचा वृंद एकाच वेळी वाजवणार असतो. प्रत्येकाने कोणत्या क्षणी, किती जोराने, धनुकली कोणत्या दिशेने ओढून वाजवायचे, हे सारे पाच आडव्या रेषांवर आणि त्यांच्या भोवती लिहिलेले असते. संचालकापुढे सर्व वाद्ये एकाखाली एक दाखवणारी मोठी प्रत असते आणि प्रत्येक वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याची वेगळी प्रत असते. पूर्वी या प्रती हाताने उतरवणारे कुशल नकलनवीस असत. आपल्याकडे कीर्द लिहिणाऱ्या दिवाणजीचे अक्षर जसे पेढीची शोभा असे, तसेच त्यांचे अक्षर संगीतप्रकाशकांची शोभा होते.

१९८८ साली अमेरिकेत 'फिनाले' नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि हे काम संगणकावर होऊ लागले. १९९३ साली इंग्लंडमध्ये बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी 'सिबेलियस' हे सॉफ्टवेअर प्रथम एकॉर्न जातीच्या संगणकासाठी विक्रीस आणले. पुढील दोन दशके जगातील बहुतेक रचनाकार, शाळांतील संगीतशिक्षक, चित्रपटांचे संगीतसंयोजक आणि प्रकाशक या दोन पेढ्यांपैकी एकीचे गिऱ्हाईक होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. साखर विकणारा साखर विकून मोकळा होतो. हे सॉफ्टवेअर विकणारा मात्र गिऱ्हाइकाचे आयुष्यभराचे काम स्वतःच्या भांडारात ठेवून घेतो. रचनाकाराने वीस वर्षांत लिहिलेले सर्व काही त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पद्धतीच्या फाइलींमध्ये साठवलेले असते, आणि त्या पूर्णपणे फक्त तेच सॉफ्टवेअर उघडू शकते. म्हणून येथील नाते खरेदी-विक्रीपेक्षा ठेवीदार आणि पेढी यांच्या नात्याच्या अधिक जवळचे आहे.

आता मागण्यांकडे वळू. चर्चमधील गायनवृंदाच्या संचालकाला शब्दांची अक्षरे स्वरांखाली नेटकी बसलेली हवी असतात. गिटार शिकवणाऱ्याला सहा तारांची पट्टी हवी असते. जॅझ लिहिणाऱ्याला स्वरांच्या डोक्यावर कॉर्डची चिन्हे हवी असतात. शाळेच्या बँडपथकाच्या शिक्षकाला ढोल-ताशांची खास लेखनपद्धती हवी असते. चित्रपटासाठी काम करणाऱ्याला पडद्यावरील क्षणाशी ताल जुळवायचा असतो, तर चारशे वर्षांपूर्वीचे संगीत अभ्यासणाऱ्याला त्या काळची चिन्हे लागतात. प्रत्येकाची मागणी रास्त असते, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत असते की इतकी साधी सोय या लोकांनी अजून का बरे दिली नाही!

बाहेरून साधी दिसणारी सोय आतून किती खर्चाची असते, हे एका चिन्हावरून पाहता येईल. समजा, गिऱ्हाइकाने वाजवण्याच्या एका खास पद्धतीचे नवे चिन्ह मागितले. ते चिन्ह पडद्यावर काढणे हे काम सर्वांत सोपे. पण ते शेजारच्या स्वरावर आदळू नये, दाटी झाली तर कोणत्या बाजूला सरकावे, रचना दुसऱ्या पट्टीत नेली तर त्याचे काय व्हावे, वादकाच्या वेगळ्या प्रतीत ते कसे दिसावे, संगणक ती रचना वाजवून दाखवू लागला की ते कसे ऐकू यावे, छापताना कसे उमटावे, आणि दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत जुनी फाइल उघडली तर ते जागच्या जागी सापडावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. शिवाय त्या चिन्हाचे आधी असलेल्या शेकडो सोयींशी जमले पाहिजे. दुकानात ठेवलेली नवी वस्तू खपली नाही तर भाव पाडून काढून टाकता येते. सॉफ्टवेअरमध्ये दिलेली सोय काढून टाकता येत नाही, कारण तिच्यावर विसंबून कोणीतरी पूर्ण सिंफनी लिहिलेली असते. प्रत्येक 'होय' म्हणजे खात्यावर कायमची चढलेली बाकी असते, आणि तिचे व्याज दर आवृत्तीला भरावे लागते.

याखेरीज आणखी एक अडचण आहे. गिऱ्हाईक बहुधा गरज सांगत नाही, तर त्याने स्वतःच्या मनाशी शोधलेला उपाय सांगते. वाद्यवृंदाच्या प्रतींचे उदाहरण घेऊ. वृंदात दोन फ्लूटवादक असतील तर प्रत्येकाला आपापली वेगळी प्रत लागते. पण संचालकाच्या मोठ्या प्रतीत दोघांचे संगीत एकाच पंचरेषेवर एकत्र दाखवण्याची प्रथा आहे, नाहीतर पान अतिशय लांब होते. संगीतसंयोजक त्यामुळे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवत. मग तालमीत एक स्वर बदलला की तो दोन्हीकडे हाताने दुरुस्त करावा लागे, आणि एकीकडे विसरला तर वादक एक वाजवी आणि संचालकापुढे दुसरेच दिसे. रोजमेळात एक आकडा आणि खतावणीत दुसरा पडला की काय गोंधळ होतो, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणणार, दोन पंचरेषा जोडण्याचे एक बटण द्या. परंतु त्याची खरी गरज बटणाची नव्हतीच. नोंद एकदाच व्हावी आणि दोन्ही प्रती तिच्यावरून आपोआप तयार व्हाव्यात, ही त्याची गरज होती. बटण काही आठवड्यांत देता आले असते. त्याने गिऱ्हाईक खूश झाले असते, आणि आकड्यांची फारकत मात्र तशीच राहिली असती. खरी गरज भागवायची तर सॉफ्टवेअरची जडणघडणच तशी असायला हवी होती.

ती संधी एका कटू प्रसंगातून आली. सिबेलियस २००६ साली अमेरिकेतील 'एव्हिड' या कंपनीने विकत घेतले होते. २०१२ साली त्या कंपनीने लंडनमधील कार्यालय बंद केले आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे घडवले होते, त्या मंडळींना घरी बसावे लागले. सिबेलियस पुढे इतरांच्या हाती चालू राहिले. बाहेर पडलेल्या चमूतील बऱ्याच जणांना जर्मनीतील हॅम्बुर्गच्या 'स्टाइनबर्ग' कंपनीने लंडनमध्येच एकत्र नोकरी दिली आणि कोऱ्या पाटीवर नवे सॉफ्टवेअर लिहिण्यास सांगितले. डॅनियल स्प्रेडबरी हे त्या चमूचे सर्वांना परिचित असलेले गृहस्थ. १६ व्या शतकात रोममध्ये संगीताची पुस्तके छापणाऱ्या व्हालेरियो डोरिको यांच्या नावावरून या नव्या सॉफ्टवेअरचे नाव 'डोरिको' ठेवण्यात आले.

या चमूजवळ एक अशी पुंजी होती जी कोणत्याही नव्या कंपनीजवळ नसते. गिऱ्हाइकांच्या अनेक वर्षांच्या मागण्या त्यांनी स्वतः ऐकलेल्या होत्या. त्या एकामागून एक पुरवीत सुटण्याऐवजी, त्यांच्या मुळाशी कोणत्या थोड्या गरजा आहेत, हे त्यांनी शोधले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये संगीत तालाच्या मापांच्या डब्यांत भरलेले असे. मध्येच एक मात्रा घालायची किंवा ताल बदलायचा झाला, तर पुढच्या सर्व डब्यांची उलथापालथ करावी लागे. डोरिकोमध्ये स्वर एका अखंड प्रवाहासारखे साठवले जातात आणि मापांच्या उभ्या रेषा त्यावर नंतर आखल्या जातात. ताल बदलला की रेषा सरकतात आणि स्वरांची मांडणी आपोआप नव्याने होते. हा एक पाया घातल्यामुळे अनेक लहान मागण्या मागण्याच उरल्या नाहीत.

परंतु पाया खोल खणायचा तर इमारत उशिरा उभी राहते. ऑक्टोबर २०१६ मध्ये डोरिकोची पहिली आवृत्ती विक्रीस आली तेव्हा तिच्यात जॅझ लिहिणाऱ्यांना रोज लागणारी कॉर्डची चिन्हेदेखील नव्हती. तालवाद्यांचे नेहमीचे लेखन नव्हते, बोटांचे क्रमांकही नव्हते. पूर्ण किंमत मोजलेले गिऱ्हाईक नाराज झाले, आणि ती नाराजी अवाजवी म्हणता येणार नाही. या ठिकाणी दोन मार्ग होते. कशीतरी कॉर्डची चिन्हे घालून ओरड थांबवणे, हा पहिला. दुसरा मार्ग अवघड होता : काय नाही, ते का नाही आणि कामाचा क्रम कसा लावला आहे, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणे, आणि पक्की नसलेली तारीख मात्र न सांगणे. स्प्रेडबरी यांनी दुसरा मार्ग धरला. प्रश्न विचारणाऱ्या सामान्य वापरकर्त्यालाही ते स्वतः उत्तर देत. ते उत्तर पुष्कळदा 'अजून नाही' हेच असे, पण त्यामागे कारण असे. २०१७ साली कॉर्डची चिन्हे आली, त्याच वर्षाअखेरीस तालवाद्यांचे लेखन आणि बोटांचे क्रमांक आले. वर सांगितलेली दोन फ्लूटांची गोष्ट, म्हणजे वेगवेगळ्या वादकांच्या नोंदींवरून संचालकाची एकत्रित प्रत आपोआप तयार होणे, २०१९ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. मागणी जुनी होती. तिचे उत्तर पाया पक्का झाल्यावर मिळाले.

'अजून नाही' हे उत्तर 'उद्या माल येतोय' याच्या शेजारचे वाटते, पण दोहोंत फार अंतर आहे. एकात गिऱ्हाइकाला अडकवून ठेवायचे असते. दुसऱ्यात त्याला मोकळे ठेवलेले असते. थांबायचे की दुसरे दुकान गाठायचे, हे त्याने खरी माहिती हाती घेऊन ठरवायचे असते.

मागणीला उत्तर देण्याची आणखी एक तऱ्हा 'मूसस्कोअर' या सॉफ्टवेअरच्या बाबतीत दिसली. जर्मनीतील व्हर्नर श्वेअर यांनी २००२ साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि त्याची आतली रचना सर्वांना पाहण्यास व सुधारण्यास खुली आहे. मार्टिन किअरी नावाच्या एका रचनाकाराने संगीताच्या सॉफ्टवेअरमधील दोषांवर बोचरी, विनोदी टीका करणारे व्हिडिओ काढले होते. २०१९ साली त्यांनी मूसस्कोअरचीही तशीच हजेरी घेतली. मूसस्कोअरच्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालण्याऐवजी त्यांनाच बोलावले आणि सॉफ्टवेअरच्या रचनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. तक्रार करणारा गादीवर येऊन बसला.

गादीवर बसल्यानंतर त्यांनाही तीच वजने उचलावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये मूसस्कोअरची चौथी आवृत्ती आली. दिसण्यात, ऐकण्यात आणि छपाईत ती पुष्कळ सुधारलेली होती. परंतु स्वर पट्ट्यांच्या रूपाने दाखवणारा 'पियानो रोल' यासारख्या काही जुन्या सोयी तिच्यातून तेव्हा वगळाव्या लागल्या होत्या. ज्यांचे काम त्या सोयींवर चालत होते, ते साहजिकच रागावले. त्यांच्यासाठी एक गोष्ट मात्र शाबूत ठेवली होती : तिसरी आवृत्ती काढून घेतली गेली नाही. नवी दुकानात मांडली तरी जुनी हवी त्याला मिळत राहिली, आणि एकाच संगणकावर दोन्ही नांदू शकल्या.

हे लहानसे औदार्य किती मोलाचे असते, ते २०२४ साली कळले. त्या वर्षी २६ ऑगस्टला फिनालेच्या मालकांनी, 'मेकम्यूझिक' कंपनीने, पस्तीस वर्षांचा हा व्यवहार बंद करत असल्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर जुने झाले, संगणकांच्या प्रणाली बदलत गेल्या, लक्षावधी ओळींचा भार साठला आणि त्यावर नवी भर घालणे उत्तरोत्तर अवघड होत गेले, असे कारण त्यांनी दिले. या कारणात बेइमानी नव्हती. पस्तीस वर्षांत दिलेल्या असंख्य 'होय'ची बाकी इतकी वाढली होती की नव्या 'होय'साठी भांडवलच उरले नाही. दुकान बंद करताना त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना डोरिको १४९ डॉलरच्या सवलतीच्या दरात मिळेल, अशी सोयही करून दिली. पेढी बंद करताना गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याच्या हाती सन्मानाने सोपवणे ही काही कमी गोष्ट नव्हे.

चूक झाली ती दुसऱ्याच ठिकाणी. नव्या संगणकावर फिनाले बसवायचे तर कंपनीकडून त्याची अधिकृत मंजुरी घ्यावी लागे, आणि ही मंजुरी एका वर्षानंतर मिळणार नाही, असे पहिल्या घोषणेत म्हटले होते. याचा अर्थ असा, की वर्षानंतर एखाद्याचा संगणक बिघडला तर त्याच्या आयुष्यभराच्या रचना उघडणारी किल्लीच हरवली. ठेवीदाराला पेढीने सांगावे की व्यवहार बंद, आणि वर्षानंतर तिजोरीची किल्लीही आमच्यापाशी मागू नका, असाच हा प्रकार होता. सेवानिवृत्त संगीतशिक्षकांपासून नामवंत संयोजकांपर्यंत सर्वांनी एकमुखाने हरकत घेतली. या वेळी कोणीही नवी सोय मागत नव्हते. पूर्वी दिलेले परत घेऊ नका, एवढीच मागणी होती. कंपनीने एक-दोन दिवसांतच निर्णय फिरवला आणि मंजुरी पुढेही अनिश्चित काळ मिळत राहील, असे जाहीर केले. पस्तीस वर्षांत पुरवलेल्या सर्व मागण्यांमध्ये ही शेवटची बहुधा सर्वांत मोलाची होती.

त्या गोंधळात आणखी एका जुन्या दूरदृष्टीचे महत्त्व लोकांना पटले. एका सॉफ्टवेअरमधील रचना दुसऱ्यात नेता यावी म्हणून मायकेल गुड यांनी 'म्यूझिक एक्सएमएल' नावाची समान लेखनपद्धती तयार केली होती. तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००४ साली प्रसिद्ध झाली. एका गावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीने वटवावी, तसे हे साधन. हुंडीने रक्कम पोचते, पण तिजोरी पोचत नाही. त्याचप्रमाणे या पद्धतीने स्वर, ताल आणि शब्द पोचतात, परंतु पानाची कष्टाने केलेली बारीक मांडणी पुष्कळदा वाटेत सांडते. तरीही मूळ धन वाचते. फिनालेमध्ये पूर्ण फोल्डरच्या फाइली एकदम या रूपात काढून ठेवण्याची सोय होती, आणि त्या दिवसांत असंख्य गिऱ्हाइकांनी तीच प्रथम वापरली. आपले गिऱ्हाईक सोडून जाऊ शकेल अशी सोय कोणता दुकानदार आनंदाने करील? तरीसुद्धा निरोपाच्या वेळी नेमकी तीच कामी आली.

या सर्व हकिकतीचा ताळेबंद मांडायचा तर जमेच्या बाजूला सर्वाधिक मागण्या पुरवणाऱ्याचे नाव येत नाही. फिनालेने पुष्कळ दिले आणि त्या देण्याच्या भारानेच ते थकले. डोरिकोने सुरुवातीस कमी दिले, पण काय देणार नाही ते स्पष्ट सांगितले. मूसस्कोअरने टीकाकाराला कामाला लावले आणि नवे देताना जुने हिसकावले नाही. गिऱ्हाईक 'नाही' ऐकून सहसा दुकान सोडत नाही. ते सोडते खोट्या 'होय'मुळे आणि मौनामुळे.

आज कुठल्याशा शहरात एखादा वृद्ध संगीतशिक्षक वीस वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या वृंदासाठी लिहिलेली चाल संगणकावर उघडत असेल. फाइल उघडते, पाच रेषांवर स्वर जागच्या जागी दिसतात, आणि तो कामाला लागतो. ती उघडावी म्हणून कोणी किती मागण्यांना नकार दिला असेल आणि एका घोषणेतला एक शब्द कोणी मागे घेतला असेल, याचा विचार त्याच्या मनातही येत नसेल. ठेवीदाराने निर्धास्त असावे, हेच तर पेढीचे काम.